बिजागरीवरची काच आणि पाण्याची वाट

साशंक : इंग्लंडमधील सामान्य घराचे स्नानगृह पाहिले, की ते बांधणाऱ्यांच्या धाडसाचे मला नवल वाटते. जमिनीला उतार नाही, पाणी निघून जाण्यास जाळी नाही, पायाखाली लाकडी तुळया आणि त्यांवर चिपबोर्ड, आणि त्याच्याही खाली लगेच स्वयंपाकघराचे छत. अशा जागी 170 सेंटिमीटर लांबीचा टब ठेवायचा, त्याच्या एका टोकाशी माणसाच्या डोक्यावर फवारा लावायचा, आणि त्या फवाऱ्याचे सारे पाणी टबातच राहील अशी हमी कोणाकडून घ्यायची, तर भिंतीला बिजागरीने जोडलेल्या, सुमारे 80 सेंटिमीटर रुंदीच्या आणि 6 मिलिमीटर जाडीच्या एका काचेकडून! ती काच एका कडेने भिंतीला धरलेली, खाली रबरी पट्टीने टबाच्या काठावर नुसती टेकलेली, आणि पुढच्या कडेला सर्वथा मोकळी. जी वस्तू हलावी म्हणून बुद्धिपुरस्सर घडवली, तिनेच पाण्याला अडवून धरावे, ही अपेक्षा मला मूलतःच विसंगत वाटते. त्यापूर्वी प्रचारात असलेला प्लॅस्टिकचा पडदा दिसायला गबाळा असेल. परंतु त्याचा खालचा घोळ टबाच्या आत सोडला, की कौलावरून कौलावर उतरणाऱ्या पावसाप्रमाणे पाणी आपोआप आतल्या आत उतरे, आणि कोणताही सांधा बुजवण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. तो पडदा काढून काच बसवणाऱ्याने शोभा विकत घेतली आणि तिच्याबरोबर गळतीही घेतली, असे माझे म्हणणे आहे.

पुरस्कर्ता : पडद्याचा हा गौरव त्याच्या भूमितीपुरता मला मान्य आहे, पण त्याच्या सहवासात रोज स्नान करणाऱ्यांची साक्ष निराळी पडते. फवारा सुरू होताच तो पडदा आत ओढला जातो आणि ओल्या अंगाला चिकटतो. तुषारांमुळे हवेत आडव्या अक्षाभोवती भोवरा निर्माण होतो, त्याच्या गाभ्यात दाब कमी असतो आणि पडदा तिकडे खेचला जातो, अशी मीमांसा मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या डेव्हिड श्मिट यांनी संगणकाच्या साह्याने केली, आणि 2001 साली त्यांना त्याबद्दल इग नोबेल हे गमतीचे पारितोषिकही मिळाले. घोळात साचणारा साबणाचा मळ आणि काळी बुरशी यांचा हिशेब वेगळाच. काच पुसली की स्वच्छ होते आणि अरुंद खोलीतला उजेड अडवीत नाही. राहिली बिजागरी. टब हा केवळ फवाऱ्याखाली उभे राहण्यासाठी नसतो. लहान मुलाला न्हाऊ घालताना काठाशी गुडघे टेकून बसावे लागते, वृद्ध माणसाला हात देऊन आत घ्यावे लागते, टब घासावा लागतो, नळापर्यंत पोहोचावे लागते. काच बाजूस सारता आली नाही, तर ही सर्व कामे उरलेल्या निम्म्या टबातून उरकावी लागतील.

आता गळतीविषयी. आपण ‘काच गळते’ असे एका वाक्यात म्हणतो आणि तेथेच घोटाळा करतो, कारण त्या एका वाक्याखाली चार स्वतंत्र घटना दडलेल्या असतात. काचेच्या मोकळ्या कडेवरून बाहेर उडणारे शिंतोडे ही एक. काचेखालच्या रबरी पट्टीतून टबाच्या काठावर येणारे पाणी ही दुसरी. भिंतीवर बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या खोबणीतून वा तिच्या मागून खाली उतरणारी धार ही तिसरी. आणि टब व भिंत यांच्या सांध्यात झिरपणारे पाणी ही चौथी, जिचा काचेशी काही संबंध नसूनही दोष मात्र काचेच्या माथी मारला जातो. चौघींची कारणे वेगळी, म्हणून इलाजही वेगळे. पहिलीला तर गळती म्हणणेच चूक आहे. फवाऱ्याचे तोंड भिंतीकडे वळवावे, किंवा अधिक रुंदीची काच घ्यावी, म्हणजे तिचा निकाल लागतो.

साशंक : वर्गीकरण कागदावर सुरेख दिसते. परंतु पाणी तुमच्या वर्गवारीला जुमानत नाही. खोबणीतून निसटलेला थेंब टबाच्या काठाखालून सरकत जाऊन हातभर अंतरावर पडतो. रबरी पट्टीतून आलेले पाणी काठावरून वाहत नेमके त्याच जागी पोहोचते. आणि टबाच्या दर्शनी बाजूस लावलेल्या फळीमागे हे सारे प्रवाह एकत्र होऊन जमिनीवर एकच डाग उमटवतात. घरमालकाच्या दृष्टीस पडतो तो केवळ हा डाग, किंवा त्याहूनही उशिरा, खालच्या खोलीच्या छतावरचा पिवळसर वर्तुळाकार ओघळ. मग तो काय करतो? दुकानातून सिलिकोनची एक नळी आणतो आणि जेथे जेथे फट दिसेल तेथे तेथे, आतून, बाहेरून, खालून, वरून, तिचा लेप देतो. आठवडाभर समाधान वाटते आणि पुन्हा ओल दिसू लागते; पुष्कळदा पूर्वीपेक्षा अधिक. ज्या रोगाचे निदान रोग्याला करता येत नाही आणि ज्याचे औषध रोग वाढवते, त्याला साध्य म्हणावे तरी कसे?

पुरस्कर्ता : औषधाने रोग वाढतो हे तुमचे निरीक्षण बिनचूक आहे, आणि माझ्या मते या साऱ्या प्रकरणाची किल्ली त्यातच आहे. ॲल्युमिनियमची खोबण भिंतीला स्क्रूंनी बसवलेली असते आणि तिच्यात काचेची चौकट सरकवलेली असते. भिंत ओळंब्यात नसेल तर ती तूट भरून काढता यावी म्हणून त्या बैठकीत 20 ते 25 मिलिमीटरची सवलत ठेवलेली असते. ही सवलत अपरिहार्य आहे, कारण कणखर केलेली, म्हणजे टफन्ड, काच एकदा भट्टीतून निघाली की तिला कापता येत नाही आणि छिद्रही पाडता येत नाही; वाकड्या भिंतीशी जुळवून घेण्याचे काम खोबणीलाच करावे लागते. अर्थात या जोडात थोडेफार पाणी शिरणारच. खोबण बनवणाऱ्यांना हे ठाऊक असते. म्हणूनच त्यांच्या सूचनापत्रांत बहुधा अशी सक्त ताकीद असते, की सिलिकोन फक्त बाहेरच्या बाजूने, म्हणजे कोरड्या बाजूने, भरावे आणि आतली बाजू मोकळी सोडावी. आत शिरलेल्या पाण्याला खोबणीतून खाली उतरून टबात परत येण्यास वाट हवी. तुमच्या घरमालकाने आतली बाजू बुजवली, म्हणजे परतीचा रस्ता बंद केला. वरून शिरणारे पाणी मात्र शिरतच राहिले, आणि कोंडले गेल्यामुळे त्याने बाहेरचा दुर्बळ कोपरा शोधला. अडवण्याच्या अतिरेकाने गळती निर्माण झाली.

निदानाविषयी म्हणाल, तर त्यालाही शिस्त आहे. सर्व भाग पुसून पूर्ण कोरडे करावेत. दर्शनी फळी काढून खाली कागद अंथरावा, म्हणजे पहिला थेंब कोठे पडला ते कळते. प्रथम फवारा न लावता टब भरून एकदम रिकामा करावा. तेवढ्याने कागद भिजला तर दोष निचऱ्याच्या नळीत किंवा टबाच्या वरच्या भोकाच्या जोडात आहे, काच निर्दोष सुटली. नंतर हातातल्या फवाऱ्याने, बारीक धारेने, खालून वर असे एका वेळी एकाच सांध्यावर पाणी सोडावे आणि प्रत्येक ठिकाणी काही मिनिटे थांबावे. वरून सुरुवात केली तर पाणी खालच्या सर्व सांध्यांवरून ओघळेल आणि साक्षीदारांची सरमिसळ होईल. हा तपास कंटाळवाणा आहे, पण त्यास विद्वत्ता लागत नाही.

साशंक : खोबणीपुरते तुमचे म्हणणे मी मान्य करतो. परंतु काचेच्या खालच्या कडेचे काय? तेथे परतीच्या वाटेचा सिद्धान्त लागू पडत नाही, कारण तेथे पाण्यासमोर एक फट आहे आणि फटीपलीकडे जमीन आहे. फट रुंद ठेवली तर पाणी सरळ वाहते. अरुंद केली तर केशाकर्षणाचा नियम आड येतो. जेम्स ज्युरिन यांनी अठराव्या शतकाच्या प्रारंभी दाखवले, की नळी जितकी अरुंद तितके पाणी तिच्यात उंच चढते. स्वच्छ काचेच्या दोन फलकांमधील अंतर 1 मिलिमीटर असेल तर पाणी त्यांत सुमारे 15 मिलिमीटर चढेल, आणि अंतर निम्मे केले तर सुमारे 30. म्हणजे आपण फट जवळजवळ बुजवली असे समाधान मानतो, तेव्हाच पाण्याला आत ओढून घेणारे यंत्र आपण तयार केलेले असते. रबर किंवा प्लॅस्टिक काचेइतके भिजत नाही हे मला मान्य आहे. पण त्यावर साबणाचा थर बसला की तो फरकही उरत नाही. बरे, पट्टी घट्ट दाबून बसवावी म्हटले, तर काच उघडताना ती काठावर घासते, काही महिन्यांत दुमडते, फाटते. सैल ठेवावी तर पाणी, घट्ट ठेवावी तर झीज. यातून तुमची शिस्त कोणती वाट काढते?

पुरस्कर्ता : दोन वाटा काढते. पहिली यांत्रिक आहे. बऱ्या प्रतीच्या काचांना अशी बिजागरी असते, की काच उघडू लागताच ती काही मिलिमीटर वर उचलली जाते आणि मिटताना पुन्हा खाली बसते. त्यामुळे पट्टी काठावर घासतच नाही आणि मिटल्यावर मात्र स्वतःच्या भाराने टेकते. घट्टपणा आणि हालचाल यांचा जो विरोध तुम्ही मांडलात, तो या रचनेने वेळेची विभागणी करून सोडवला आहे: जेव्हा हालचाल, तेव्हा स्पर्श नाही, जेव्हा स्पर्श, तेव्हा हालचाल नाही.

दुसरी वाट पट्टीच्या आकारात आहे. चांगली पट्टी नुसती गोल दोरीसारखी नसते. तिला खाली लवणाऱ्या एक-दोन पातळ जिभा असतात आणि आतल्या बाजूस तिरकी झुकलेली एक पाळ असते. काचेवरून ओघळणारे पाणी कडेला चिकटून खाली वळते, हा त्याचा स्वभाव. ही पाळ त्याला कडेपासून तोडते आणि टबाकडे फेकते, म्हणजे जिभेपर्यंत पोहोचणारे पाणीच थोडे उरते. पट्टी घेताना काचेची जाडी मोजावी, कारण 6 मिलिमीटरसाठी केलेली पट्टी 8 मिलिमीटरवर चढत नाही आणि 4 मिलिमीटरवरून सटकते. फटीची उंची मोजावी. आणि बसवताना पाळ टबाकडे आहे याची खात्री करावी, कारण उलटी बसवलेली पट्टी पाण्याला इमानेइतबारे बाहेरचा रस्ता दाखवते. याउपर काठावर, काचेच्या रेषेच्या किंचित बाहेर, एक बारीक उंचवट्याची पट्टी चिकटवता येते. जिभेखालून निसटलेले पाणी तिच्यापाशी थबकते आणि काठाचा उतार आत असेल तर परत फिरते.

साशंक : काठाचा उतार आत असेल तर! तुमच्या सर्व उपायांचा पाया या एका ‘जर’वर उभा आहे. टबाचा काठ म्हणजे दगडी कट्टा नव्हे. आजचा टब अॅक्रिलिकच्या पातळ पत्र्याचा, पाठीमागून तंतुकाचेने बळकट केलेला आणि समायोज्य पायांवर उभा केलेला असतो. त्यात पाणी भरले आणि माणूस उतरला, की दोनशे किलोच्या आसपास भार पडतो आणि टब खाली दबतो. नुसता माणूस फवाऱ्याखाली उभा राहिला तरी त्याच्या पावलांखालचा तळ लवतो आणि काठही हलतो. म्हणजे काच हलती, काठ हलता, आणि ज्या लाकडी जमिनीवर हे सारे उभे, ती उन्हाळ्या-हिवाळ्यात फुगती-आकसती. अशा तीन चंचल पदार्थांच्या मध्ये एक पांढरी रेघ ओढून ‘येथून पाणी जाणार नाही’ असा हुकूम जारी करण्यात काय अर्थ? सिलिकोन भिंतीपासून सुटतो, त्या केसाएवढ्या फटीतून रोज थोडे पाणी आत जाते, आणि रेघ वरून पाहता अखंडच दिसते.

पुरस्कर्ता : सिलिकोन सुटतो, कारण तो बहुधा चुकीच्या वेळी आणि चुकीच्या मापाने भरलेला असतो. चांगल्या प्रतीचा सिलिकोन आपल्या रुंदीच्या सुमारे चतुर्थांशाइतका ताण सहन करू शकतो. आता हिशेब पाहा: सांधा 2 मिलिमीटरचा असेल तर त्याला अर्ध्या मिलिमीटरचीच मोकळीक मिळते, आणि भरलेला टब तेवढा सहज दबतो, तोच सांधा 6 मिलिमीटरचा ठेवला तर दीड मिलिमीटरपर्यंत तो तुटत नाही. बारीक, नाजूक रेघ डोळ्यांना सुबक वाटते आणि तीच आधी फाटते. म्हणून जाणते कारागीर पुरेशी रुंद फट ठेवतात. रिकामा टब आधी पाण्याने भरतात, जेणेकरून सांधा त्याच्या सर्वांत रुंद अवस्थेत यावा. मग सिलिकोन भरतात आणि तो पुरता घट्ट होईपर्यंत, बहुधा 24 तास, ते पाणी तसेच राहू देतात. पुढे टब रिकामा झाला की सांधा मिटतो आणि सिलिकोन दबला जातो, ताणला जात नाही. जुना सिलिकोन पात्याने समूळ खरवडून, जागा स्पिरिटने पुसून, कोरडी केल्याशिवाय नवा भरणे म्हणजे पैशाची नासाडी. कारण नवा सिलिकोन जुन्यावर धरत नाही.

या पदार्थाचा इतिहासही बोधप्रद आहे. नॉटिंगहॅम येथील रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक स्टॅन्ली किपिंग यांनी आयुष्याची अनेक वर्षे सिलिकॉनच्या सेंद्रिय संयुगांच्या अभ्यासात घालवली, आणि उत्तरायुष्यात या क्षेत्राच्या तात्कालिक भवितव्याविषयी त्यांनी फारशी आशा व्यक्त केली नाही. त्यानंतर काही वर्षांतच, 1943 साली, अमेरिकेत डाउ कॉर्निंग ही कंपनी याच पदार्थांच्या उत्पादनासाठी स्थापन झाली. ज्या पदार्थाविषयी त्याचा जनकही साशंक होता, त्याच्यावर आज घरोघरच्या स्नानगृहांची भिस्त आहे. तेव्हा साशंकांनी थोडा धीर धरावा.

साशंक : किपिंग यांचा दाखला तुम्ही माझ्यावर उलटवलात, परंतु आता प्रश्न पदार्थाचा राहिला नाही, परिणामाचा आहे. तुम्ही वर्णिलेले कारागीर आणि तुम्ही वर्णिलेली काटेकोर शिस्त एकत्र आली, तरी वर्षाकाठी थोडे पाणी बाहेर जाईलच. लंडन आणि आग्नेय इंग्लंड येथील पाणी चुनखडकातून येते, म्हणून जड असते. त्याचा पांढरा थर पट्टीच्या जिभांवर बसतो, त्या ताठरतात आणि काठापासून उचलल्या जातात. हे थोडे पाणी कोठे जाते? दर्शनी फळीमागे, जेथे ऊन नाही, वारा नाही. लाकडातील ओलावा 20 टक्क्यांच्या खाली असेल तर ते कुजत नाही. त्याच्या बराच वर गेला आणि तसाच राहिला, की बुरशी धरते. चिपबोर्ड तर त्याआधीच फुगून भुगा होतो. म्हणजे हानी पाण्याच्या प्रमाणावर अवलंबून नाही, ते वाळण्यास किती अवधी मिळतो यावर आहे. आणि तुमच्या रचनेत वाळण्याची तजवीज कोठेच नाही.

त्यात कर्तव्य कोणाचे हा वाद. भाड्याच्या घरात टब दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी इंग्लंडच्या 1985 सालच्या घरमालक व भाडेकरू कायद्याच्या 11 व्या कलमाने घरमालकावर टाकली आहे. पण काचेखालची पट्टी झिजली हे प्रथम कळते भाडेकरूला, आणि त्याला ती आपली बाब वाटत नाही. विमापत्रांत पाण्याच्या गळतीची भरपाई असते खरी. तथापि अनेक विमापत्रे हळूहळू झालेले नुकसान आणि झिजलेल्या सिलिकोनमुळे झालेले नुकसान स्पष्ट शब्दांत वगळतात. वरच्या मजल्यावर स्नान करणाऱ्याचे सुख आणि खालच्या छताखाली राहणाऱ्याची तोशीस यांचा हिशेब एकाच वहीत लिहिला जात नाही.

मग आपल्याकडची नहाणी काय वाईट? जमीनच उताराची, कोपऱ्यात जाळी, दाराशी उंबरा. पाणी सांडले तर सांडले, ते जाणार जाळीकडेच. अडवण्याची ईर्षा नाही, म्हणून अपयशाची भीती नाही.

पुरस्कर्ता : नहाणीचा अभिमान बाळगण्यापूर्वी मुंबई-पुण्याच्या एखाद्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेला बसावे. खालच्या सदनिकेच्या छतावरचा डाग हा तेथे कायमचा विषय असतो. खाली दाबलेल्या स्लॅबमध्ये विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात, त्यावर फरशी बसवतात. फरशीच्या सांध्यांतून पाणी कोब्यात उतरते, तेथे साचते, आणि पुढे कधीतरी खालच्या शेजाऱ्याला भेटते. संस्थांच्या आदर्श उपविधींनाही शौचालय, मोरी यांच्यामुळे होणाऱ्या आतल्या गळतीचा खर्च संबंधित सदस्यानेच सोसावा, अशी तरतूद करावी लागली आहे. पाण्याला वाट दिली म्हणजे काम संपले असे नाही. त्या वाटेखालचा थर अभेद्य लागतो, आणि तो थर कोणाला दिसत नाही. नहाणीत दोष फरशीखाली लपतो, इंग्लंडात टबामागे लपतो.

सारी जमीनच जलरोधक करून उतार देण्याची पद्धत इंग्लंडातही आता आढळते. पण लाकडी तुळयांच्या वरच्या मजल्यावर ती करायची, तर जमीन उखडावी, तिला कडकपणा द्यावा, जलरोधक पडदा चढवावा, नळी तुळयांच्या दिशेने न्यावी. हा खर्च दहा-वीस पट्ट्या बदलण्याच्या खर्चाहून कितीतरी मोठा होतो. म्हणून ज्याच्या घरात टब आहे आणि तुळया आहेत, त्याच्यापुढे व्यवहार्य पर्याय दोनच उरतात: काच हलू न देता कायमची रोवून टाकणे, किंवा बिजागरी ठेवून तिची नियमित निगा राखणे.

साशंक : आता आपण खऱ्या मुद्द्याला हात घातला. काच रोवली, तिची खालची कड काठाला सिलिकोनने जखडली, तर दुसऱ्या प्रकारची गळती जवळपास नाहीशी होते. काठाच्या दबण्याचा त्रास उरतो, पण बिजागरीचा उरत नाही. म्हणजे तुम्ही पट्टी, पाळ, उचलणारी बिजागरी, उंचवट्याची पट्टी असा जो सरंजाम सांगितलात, तो सगळा केवळ हालचालीचे मोल म्हणून आहे. ज्या घरात एकटा तरुण राहतो आणि टबात कधी बसतही नाही, तेथे हे मोल निष्कारण दिले जाते. त्याने काच रोवावी. पण ज्या घरात मूल आहे किंवा आजी आहे, तेथे तुमचा युक्तिवाद मला टाळता येत नाही. तेथे हालचाल ही गरज आहे आणि गळतीची शक्यता तिच्याबरोबर येणारच. माझा आक्षेप एवढाच उरतो, की दुकानात काच विकताना हे मोल कोणी सांगत नाही. काचेची उंची, रुंदी, चकाकी यांची माहिती मिळते. दर दोन-तीन वर्षांनी पट्टी बदलावी लागेल, आणि टबापुढची फळी अशी बसवावी की ती काढून आत पाहता येईल, हे सांगितले जात नाही.

पुरस्कर्ता : त्या आक्षेपाला माझ्यापाशी उत्तर नाही, आणि ते असावे असेही मला वाटत नाही. मी आरंभी गळती थांबवण्याच्या भाषेत बोलत होतो. तुमच्या केशाकर्षणाने आणि दबणाऱ्या काठाने मला त्या भाषेवरून मागे यावे लागले आहे. हलती काच गळती थांबवू शकत नाही. ती पाण्याचा बहुतांश भाग परत आत पाठवू शकते, आणि उरलेला भाग दिसेल व वाळेल अशा जागी आणणे हे घर वापरणाऱ्याचे काम आहे. पण ‘बहुतांश’ म्हणजे किती, यावर आपले एकमत झालेले नाही. तुमच्या मते छताखालच्या माणसाला जे खपत नाही ते मुळीच खपवून घेऊ नये. माझ्या मते रोज पुसून टाकता येईल इतके पाणी हा हालचालीचा वाजवी कर आहे. हा वाद ओळंब्याने किंवा पाणसळीने मिटणारा नाही, कारण तो काचेच्या मापाचा वाद नाही, दोन मजल्यांवर राहणाऱ्या माणसांनी परस्परांचा किती भार सोसावा याचा आहे.

साशंक : वाद राहू द्या; पण जेथे एकमत आहे तेवढे तरी वाचकाच्या पदरात घालू. खोबणीला सिलिकोन बाहेरूनच लावावा, आतून कदापि लावू नये. जुना सिलिकोन समूळ काढल्याखेरीज नवा भरू नये, आणि भरताना टब पाण्याने भरलेला असावा. पट्टीची पाळ आत असावी, फवाऱ्याचे तोंड काचेकडे नसावे. आणि टबापुढची फळी वर्षातून एकदा काढून, मागच्या लाकडाला स्वतःच्या हाताने स्पर्श करून पाहावा. ते कोरडे लागले, तर काचेबद्दलचे माझे मत काही असो, ती काच तुमच्या घरी राहण्यास पात्र आहे.